आमेनच्या अलीकडे

केबिन रोडवर मेडिकलच्या पायरीवर उभी राहून नीलम मोठ्या माणसांच्या डायपरचं पुडकं पिशवीत कोंबत होती, तेवढ्यात समोरच्या टेम्पोतून एक गॅस सिलिंडर निसटला आणि रस्त्यावर आदळला. आवाज असा झाला की गर्दीतले सगळे हॉर्न क्षणभर गप्प झाले. सिलिंडर घरंगळत आला, पेरूवाल्याच्या गाडीला चाटून वळला आणि तिच्या पायाशी पायरीला टेकून थांबला. टेम्पोवरचा माणूस हसतच खाली उतरला. "खाली है मॅडम, खाली है. डरो मत." त्यानं तो एका हातानं उचलून खांद्यावर टाकला. मेडिकलवाला हसला, पेरूवाला हसला, नीलमही हसली. आणि हसता हसताच तिच्या मनात आलं, आपण निघताना गॅस बंद केला का? आईंसाठी पेज गरम केली होती. वाटी भरली, चमचा घेतला, आईंच्या मानेखाली उशी सरकवली, घास घास भरवला, तोंड पुसलं. हे सगळं डोळ्यांसमोर स्वच्छ होतं. फक्त बटणाकडे गेलेला हात कुठे दिसत नव्हता. काल बटण फिरवणारा हात आठवत होता, परवाचाही आठवत होता. आजचा नव्हता.

घरात आई एकट्या होत्या. आई म्हणजे तिच्या सासूबाई, मनोरमाबाई. उजवी बाजू गेलेली, पलंगावरून उठता न येणाऱ्या. त्यांना सांभाळायला येणारी दुर्गा आज लवकर गेली होती, आणि पाच मिनिटांत येते म्हणून नीलम दार ओढून खाली उतरली होती. ती पळत सुटली. रिक्षा करायचंही सुचलं नाही. गोडदेवच्या गल्लीत शिरेपर्यंत छातीत काहीतरी इतकं जोरात आपटत होतं, की रस्त्यावरच्या माणसांना ते ऐकू जात असेल असं तिला वाटलं. पुढे पुढे तिला धूर दिसायला लागला. धूर खरा होता, वडापावच्या कढईचा होता, तरी तिनं त्यातून तिसऱ्या मजल्यावरची आपली खिडकी काळी पडलेली पाहिली. पलंग पाहिला. पलंगावर उठता न येणारं माणूस पाहिलं. जिने चढताना ती मोठ्यानं "प्रभू, प्रभू" म्हणत होती आणि दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बाई दारातून "शुं थयुं?" म्हणून बघत राहिल्या. दार उघडलं. फिनेलचा, पावडरचा, निवलेल्या पेजेचा रोजचा वास आला. बटण बंद होतं. रेग्युलेटरसुद्धा बंद होता. आई जाग्या होत्या. धापा टाकणाऱ्या सुनेकडे त्यांनी डाव्या डोळ्यानं नीट पाहिलं आणि विचारलं, "आणि मग?"

झटका आल्यापासून त्यांच्याकडे एवढे दोनच शब्द उरले होते. पाणी हवं असलं तरी "आणि मग", कूस बदलायची असली तरी "आणि मग", नात शाळेतून आली की तोंडभर हसून "आणि मग". डॉक्टरांनी सांगितलं होतं, आत सगळं कळतं, पण बाहेर यायच्या वाटा बुजल्यात. एखादाच शब्द उरतो काही जणांकडे, कुठला उरेल ते सांगता येत नाही. आई पालिकेच्या शाळेत शिकवायच्या. मुलांना गोष्टी सांगताना सर्वांत जास्त वापरलेले शब्द बहुधा हेच असतील, असं अनिश म्हणायचा. अनिश त्यांचा मुलगा, नीलमचा नवरा. "काही नाही आई," नीलम म्हणाली, "उगाच." ती पलंगाच्या कडेवर बसली. आता बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण दारातूनच बोलून परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखं ते सुख आत आलंच नाही. ती पुन्हा उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन बटणाला हात लावून आली.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना ती नाक्यावरून परत फिरली. केबिन रोडच्याच एका चष्म्याच्या दुकानात ती सकाळपासून दुपारपर्यंत काम करायची. गिऱ्हाइकांचे नंबर लिहून घ्यायचे, फ्रेम दाखवायच्या, तयार काचा तपासून द्यायच्या. परत घरी जाऊन तिनं बटण पाहिलं, निघाली, आणि जिन्यात तिला वाटलं, बघताना आपलं लक्ष कुठे होतं? आपण बटणाकडे पाहिलं, पण बघितलं का? दुर्गा घरातच असायची, तरी तिला दुकानातून फोन जायचा. दुर्गा मुर्ध्याची. खाडीकडच्या गावातल्या बायांसारखी मोकळ्या आवाजात बोलायची. "ताई, बंद हाय. मगाशीच सांगला ना तुमाला." थोड्या वेळानं पुन्हा. "बंद हाय ओ ताई. मी काय चाय पन केली न्हाय." हळूहळू गॅसच्या शेजारी इस्त्री येऊन बसली, मग दाराची कडी, आईंच्या रक्तदाबाची गोळी, क्षितिजाच्या रिक्षावाल्याचा ब्रेक. क्षितिजा तिची मुलगी, चौथीत. रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत नीलम खिडकीत उभी राहायची. आधी नुसती उभी, मग गजाला हात लावून उभी, मग त्याच ठरलेल्या गजाला. हा वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. कळत असूनही करावं लागतं, यातली शरम कुणाला सांगणार? माणूस रस्त्यात पाय घसरून पडला तर चार जण धावतात. रस्त्यात उभ्याउभ्याच आत पडलं तर लोक धक्का देऊन पुढे जातात आणि म्हणतात, बाजूला व्हा ना ताई.

मग तिला फोटोची युक्ती सुचली. निघताना बटणाचा फोटो काढायचा, शंका आली की बघायचा. पहिले काही दिवस फार बरे गेले. आपण बऱ्या झालो असं वाटून तिनं एका रविवारी कोंबडीचा रस्सासुद्धा केला. पण मग, हा फोटो आजचा की कालचा? वेळ दिसते, पण फोटो काढल्यावर पुन्हा काही गरम केलं असेल तर? आणि काढताना बोट लागून बटण फिरलं असेल तर? दुकानात तिनं एका म्हातारबाबांची काच मशीनखाली इतक्यांदा घातली की शेवटी मालक शहाभाई काउंटरवरून उठून आले. "नीलमबेन, नंबर बराबर छे ना? मग द्या ना त्यांना. कधीचे उभे आहेत बिचारे." ते चांगुलपणानं म्हणाले. तिला मात्र हातातली काच थंड लागली, कान तापले, आणि ते म्हातारबाबा चुकीच्या नंबरामुळे रस्ता ओलांडताना... ती आत जाऊन बेसिनशी उभी राहिली. आरशात तिचा चेहरा ठीकठाक होता. याचंच तिला नवल वाटलं.

फोटो अनिशला दिसले. संध्याकाळी तो तिच्या फोनवर क्षितिजाच्या वाढदिवसाचा फोटो शोधत होता. अंधेरीच्या ऑफिसातून दमून आलेला, अजून पायांत मोजे. "हे काय?"

"गॅस."

"ते दिसतंय. पण एवढे?"

"बंद आहे की नाही ते बघायला."

"बंदच आहे. सगळ्यांत बंद आहे." तो हसत हसत बोट सरकवत गेला, बटण, बटण, बटण, मधेच क्षितिजाचा एक दात पडलेला चेहरा, पुन्हा बटण. त्याचं हसू कमी कमी होत गेलं. फोन त्यानं उपडा ठेवला. "नीलम, तू मला बोलली का नाहीस?"

"काय बोलू?"

त्यानं तिच्या हातावर हात ठेवला. मग लहानपणापासून ऐकत आलेलं वाक्य त्यानं प्रेमानंच पुढे केलं. "प्रार्थना कर. प्रभूवर टाक सगळं. हलकं वाटेल."

ती मान हलवून उठली. प्रार्थना हेच तर सगळ्यांत मोठं बटण झालं होतं, हे त्याला कसं सांगायचं?

भायखळ्याच्या एका खोलीत ती वाढली. झोपण्याआधी वडील मुलांना गुडघ्यांवर बसवायचे, आणि सगळ्यांची नावं घेऊन प्रत्येकासाठी देवाकडे राखण मागायची असा नेम होता. आईबाबा, भाऊ, आत्या, संगमनेरकडच्या गावातले आजोबा. फरशी गार असायची, स्टोव्हच्या रॉकेलचा वास अजून खोलीत असायचा, आणि वडिलांचा आवाज त्या वासातून कांबळ्यासारखा अंगावर यायचा. एका रात्री तिला नावं घेता घेताच झोप लागली. आजोबा राहून गेले. त्याच आठवड्यात गावाहून आजोबा गेल्याचा निरोप आला. घरातले रडत होते आणि ती कोपऱ्यात कोरडी बसून होती, कारण ते का गेले हे घरात फक्त तिला ठाऊक होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, म्हणून तसं नसतं हेही तिला कुणी सांगितलं नाही. मोठी झाल्यावर तिला अर्थातच कळलं. पण कळतं ते डोक्याला. गुडघ्यांना कोण सांगणार? फरशीवर टेकले की ते अजूनही त्या खोलीतलेच असायचे. आता दारातून निघताना ती डोळे मिटून सगळ्यांची राखण मागायची. मधे हॉर्न वाजला तर पुन्हा पहिल्यापासून. मधे मनात एखादं वाईट चित्र आलं तर पुन्हा. आणि आमेन म्हटल्यावर, हे आमेन मनापासून होतं की नुसतं तोंडातून? देव हिशेब ठेवणाऱ्या कारकुनासारखा खिडकीमागे बसलाय, आणि आपला अर्ज दर वेळी कुठल्या तरी चुकीसाठी परत येतोय. प्रेमळ बाप म्हणून ज्याची गाणी ती लहानपणापासून गात आली, त्याच्यासमोर ती अशी उभी असायची. चप्पल पायांत, पिशवी खांद्याला, ओठ हलताहेत, आणि खाली रिक्षा चुकतेय.

आणि याच घरात आई होत्या. मनोरमाबाईंची प्रार्थना चर्चच्या सगळ्या मंडळीत नावाजलेली. महिला मंडळाच्या सभेत त्या उभ्या राहिल्या की पंखे बंद करायचे, असा लोकांनी आपोआप नियमच केला होता. आजारी, प्रवासी, परीक्षेची मुलं, पाणी न येणाऱ्या इमारती, राज्य चालवणारे. एकही माणूस सुटायचा नाही, एकही वाक्य लंगडायचं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा घरच्या भक्तीत नीलमला प्रार्थना करायला सांगितली तेव्हा ती कशीबशी चार वाक्यं बोलली आणि पाचवं मधेच राहिलं. नंतर ओट्याशी उभ्या असताना आई मायेनंच म्हणाल्या होत्या, "वाक्य पुरं करत जा गं. देवासमोर अर्धं सोडू नये." त्या दिवसापासून आईंच्या देखत ती मोठ्यानं प्रार्थना करायची नाही. आता आईंचीच सगळी वाक्यं गेली. मंडळीतल्या बायका भेटायला येत, पलंगाभोवती बसून प्रार्थना करत, आणि मधेच आई घाईनं "आणि मग, आणि मग" करू लागल्या की एकमेकींकडे बघून डोळे पुसत. नीलमला त्या वेळी आतून राग यायचा. कुणाचा, ते सांगता आलं नसतं. जिनं आयुष्यभर एकही वाक्य अर्धं सोडलं नाही तिची ही गत, तर आपलं काय?

अनिशनं शेवटी पाळकांना बोलावलं. गुणवंत पाळक साधे गृहस्थ, बोलण्यापेक्षा ऐकण्यातले. चहाचा कप गार होईपर्यंत त्यांनी नीलमचं ऐकून घेतलं. तिनं आजोबांचं सोडून सगळं सांगितलं. ती वाट बघत होती की ते आता विश्वास कमी पडतोय म्हणतील. ते म्हणाले, "हा आजार आहे बाई. पाप नाही. मीरा रोडला एक डॉक्टर आहेत, माझ्या पत्नीलाही त्यांनीच बरं केलं. गोळ्या घ्या. लाजू नका." आणि उठताना, "प्रार्थना जमत नसेल तर काही दिवस नका करू. आम्ही करतोय तुमच्यासाठी. त्यासाठीच तर मंडळी असते." हे वाक्य तिला धक्क्यासारखं लागलं. प्रार्थना न करणं असंही काही असतं? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं, परत फिरावंसं वाटलं की थोडं थांबून बघा म्हणाले. गोळ्यांनी झोप आली, भीतीच्या कडा जरा बोथट झाल्या. पण भीती होतीच. खोलीत मोठं कपाट असावं आणि त्याला वळसा घालत वावरावं, तशी ती भीतीला वळसा घालत वावरत होती.

मग एका सकाळी क्षितिजा शाळेला निघाली. खाली रिक्षावाला हॉर्न देत होता. नीलम तिची पाण्याची बाटली भरून मागे वळली तर दारात दप्तर होतं, मुलगी नव्हती. ती स्वयंपाकघरात होती. शेगडीसमोर चवड्यांवर उभी राहून ती बटणाला हात लावत होती. एक, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. तिचे ओठ हलत होते.

"काय करतेयस?"

क्षितिजा दचकली. "काही नाही. नुसतं बघत होते."

"का?"

"नाहीतर आजी जळेल ना."

तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं, जसं पाऊस असेल तर छत्री घ्यावी. मग दप्तर अडकवून ती जिन्यावरून धाडधाड उतरून गेली. नीलम शेगडीसमोर तशीच उभी राहिली. आपल्या आत काहीतरी तुटलंय एवढंच तिला आजवर वाटत होतं. तो तुकडा घरंगळत इतक्या लहान पायांशी जाऊन थांबेल असं तिला वाटलं नव्हतं. त्या दिवशी मुर्ध्याला कुणाची तरी हळद होती म्हणून दुर्गा येणार नव्हती. नीलमनं शहाभाईंना फोन करून सुट्टी मागितली, आईंचं अंग पुसलं, कपडे बदलले, पेज भरवली, आणि नंतर काही करायचं उरलं नाही तेव्हा ती पलंगाजवळ खाली फरशीवर बसली. गुडघे टेकून नव्हे, पाय पसरून, दमलेल्या बाईसारखी. खिडकीबाहेर कुठेतरी टाइल कापत होते. तो आवाज दातांत शिरत होता.

तिनं सुरुवात केली. मनात नव्हे, बारीक आवाजात, कारण मनात तिचा स्वतःवर विश्वास उरला नव्हता. क्षितिजाचं नाव घेतलं. टाइल कापायचा आवाज मधे आला, तिनं पुन्हा घेतलं. क्षितिजाला हे लागू देऊ नकोस, म्हणाली, आणि म्हणता म्हणता शेगडीसमोरचे चवडे दिसले, ज्वाळा दिसली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. पुन्हा. किती वेळ गेला कोण जाणे. सुरुवातीच्या दोन वाक्यांपुढे ती जाऊच शकत नव्हती, आणि शेवटी वाक्यंही राहिली नाहीत. तिचं कपाळ पलंगाच्या लोखंडी कडेवर टेकलं आणि ती रडू लागली. "मला भीती वाटते आई," ती म्हणाली. देवाला म्हणाली की आईंना, तिचं तिलाच कळलं नाही. "मला सारखी भीती वाटते. मला प्रार्थनापण येत नाही. मी नीट केली नाही तर सगळं माझ्यामुळे होईल."

तिच्या केसांत काहीतरी हललं. आईंचा डावा हात. तो हात आता फारसं काही करत नसे, चादर चाचपायचा, एवढंच. तो तिच्या डोक्यावर आला आणि तिथे जड होऊन राहिला. मग आई बोलू लागल्या. "आणि मग," त्या म्हणाल्या. नीलमनं मान वर केली नाही. तिला वाटलं पाणी हवंय. पण पाणी मागतानाचा सूर असा नसे. "आणि मग... आणि मग, आणि मग." आवाज हळू चढला, थांबला, खाली आला. एका ठिकाणी तो उपकार मानत होता, हे तिला नीट कळलं. सभेत उभ्या राहून आई ज्या सुरात आभार मानायच्या तोच हा सूर, फक्त आतले शब्द गेलेले. मग एक लांब "आणि मग" आला, ओझं उचलल्यासारखा, आणि त्यात क्षितिजा होती. अनिश होता. मग हात तिच्या डोक्यावर किंचित दाबला गेला, आवाज अगदी मऊ झाला, आणि नीलमला कळलं की आता आपली पाळी आहे. आता आपल्यासाठी मागताहेत. एकही शब्द बरोबर नव्हता. आईंनासुद्धा ते ठाऊक असणार. आत सगळं कळतं, डॉक्टर म्हणाले होते. आपल्या तोंडातून काय बाहेर पडतंय ते त्यांना ऐकू येत होतं, दर वेळी चुकीचं, दर वेळी तेच, आणि तरी त्या थांबत नव्हत्या, मागे फिरून दुरुस्त करत नव्हत्या. लहान मूल अनोळखी बाजारात बापाचं बोट धरून बडबडत जावं तशा त्या चालल्या होत्या, ऐकणाऱ्यावर सगळं सोडून. नीलम ऐकत राहिली. तिनं काही मागितलं नाही. कुणीतरी आपल्यासाठी बोलतंय आणि कुणीतरी ऐकतंय, आणि त्या दोघांच्या मधे आपण नुसतं डोकं टेकून बसलोय, एवढंच होतं. टाइल कापणारा थांबला होता की नाही, हे तिला नंतर आठवेना.

मग आईंचा आवाज मंदावला. "आणि मग," त्या म्हणाल्या, "आणि..." आणि त्यांना झोप लागली. हात डोक्यावर तसाच राहिला. प्रार्थना मधेच राहिली होती. नीलमच्या आत सवयीनं काहीतरी दचकून उठलं, आता तू पुरी कर, आमेन म्हण, अर्धं राहिलंय. ती ओठ उघडणार होती. उघडले नाहीत. बापाशी बोलता बोलता मूल झोपी गेलं तर तो काय करतो? भायखळ्याच्या फरशीवर झोपी गेलेल्या मुलीला वडिलांनी उचलून गादीवर ठेवलं होतं. सकाळी ती गादीवरच जागी झाली होती. हे तिला आजवर कधी आठवलं नव्हतं. राहून गेलेलं नाव तेवढं आठवत आलं होतं. ती हलली नाही. आईंचा हात जागेवरून पडू नये म्हणून मान अवघडली तरी हलली नाही, आणि हळूहळू, दुपारच्या त्या पांढऱ्या उजेडात, तिलाही बसल्याबसल्या डुलकी लागली.

ती बरी झाली असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भीती नेहमीच्या वेळेला आलीच. फक्त तिनं क्षितिजाला जवळ बसवून सांगितलं, "गॅस बघायचं ते तुझं काम नाही. तो माझा आजार आहे, त्याच्यासाठी मी गोळ्या घेते. तुझा नाही." क्षितिजानं विचारलं, "मग आजी?" आजीला काही होणार नाही, हे वाक्य नीलमच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. "आजी देवाच्या हातात आहे," ती म्हणाली, "आणि आपणपण." स्वतःच्याच आवाजाला ती घाबरली, कारण हे तिनं आजवर शेकडो वेळा म्हटलं होतं आणि आज पहिल्यांदाच त्यातलं ओझं खाली ठेवून बघितलं होतं. दोघी हात धरून जिना उतरल्या. तिनं चालता चालता प्रार्थना केली, अर्धी, हॉर्नमध्ये बुडालेली, आणि ती तशीच सोडली. काही दिवस जमायचं, काही दिवस नाही. एकदा ती अर्ध्या रस्त्यातून परत गेली आणि दारात बसून रडली. फोटो तिनं काढून टाकले. मग पुन्हा एक काढला. मग तोही काढून टाकला.

पावसाळा संपता संपता आईंना दुसरा झटका आला. सकाळची वेळ होती. दुर्गानं तोंड धुवायला पाणी आणलं तर आई डोळे उघडत नव्हत्या. "ताई, आय बोलत न्हाय! ताई!" मग शेजारी, चादरीची झोळी, तीन जिने, रुग्णवाहिका, एका मोठ्या इस्पितळाचं काचेचं दार. आईंना आत नेलं आणि नीलम बाहेरच्या बाकावर राहिली. अनिश अंधेरीहून निघाला होता. पुढे आई त्या आजारातून उठल्या नाहीत. चार-पाच दिवसांनी शांतपणे गेल्या. पण त्या दुपारी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाक थंड होता, एसीचा वारा मानेवर येत होता, आणि नीलमच्या छातीत तो जुना ठोका सुरू झाला. पहाटे आई खोकल्या तेव्हा आपण उठून बघायला हवं होतं. गोळी दिली होती का? रात्रीची दिली होती का? हात आठवेना. ती डोळे मिटून बसली आणि तिनं काही तपासलं नाही. मला ठाऊक नाही, तिनं मनात म्हटलं, तुला ठाऊक आहे. आणखी शब्द आले नाहीत. ठोका चालूच राहिला, पण तो आता बंद घरातल्या ठोक्यासारखा नव्हता. घराला दार होतं आणि दाराबाहेर कुणीतरी बसलेलं होतं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई होती, नीलमच्याच वयाची, उत्तरेकडची, डोक्यावर पदर. तिच्या हातात कुणाची तरी पुरुषाची चप्पल होती, दोन्ही, उरी धरलेली. ती बराच वेळ नीलमच्या गळ्यातल्या लहान क्रूसाकडे बघत होती. "दीदी," ती म्हणाली, "आप लोग प्रार्थना करते हो ना? मेरे आदमी के लिए करोगी? ऊपर से गिर गए हैं. मेट्रो के काम पे."

मोठ्यानं, अनोळखी बाईसमोर, आणि हिंदीत. हिंदीत तिनं आजवर भाजीचा भाव केला होता, प्रार्थना कधी केली नव्हती. "नाम क्या है उनका?" तिनं विचारलं. बाईनं नाव सांगितलं. नीलम सरकून जवळ बसली, त्या चपलांवर ठेवलेल्या हातांवर तिनं आपला हात ठेवला आणि सुरुवात केली. हे प्रभू, म्हणाली, ये आपका बेटा है. इसको बहुत लगा है. डॉक्टर लोग के हाथ को... पुढचा शब्द मराठीच आला, बळ दे, आणि तो तसाच राहिला. बच्चे छोटे होंगे, ती म्हणाली, आणि बाई "दो हैं, दो लड़कियाँ" म्हणत मधेच रडू लागली. तेव्हा नीलमही थांबली, कारण पुढचं वाक्य त्या रडण्यातच होतं आणि ते तिला बोलायची गरज नव्हती. शिपायानं स्ट्रेचर ढकलत नेलं, लाउडस्पीकरवर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, एक मूल पाणी सांडून गेलं. नीलम तो हात धरून बसून राहिली. कुठून पुन्हा सुरू करावं असं तिच्या मनातही आलं नाही.

अनिश काचेच्या दारातून आत आला तेव्हा उन्हं कलली होती. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, डोळे तिला शोधताहेत. तो समोर येऊन उभा राहिला. त्याचा खालचा ओठ क्षितिजासारखा हलत होता.

"काय म्हणतात डॉक्टर? वाचेल ना आई?"

"माहीत नाही," नीलम म्हणाली, आणि त्याला बसता यावं म्हणून बाकावर थोडी सरकली.